नकाशांची तालिका: जागा, प्रमाण आणि काळ यांची नोंद कशी करावी

पुस्तकाच्या नोंदीत लेखक आणि शीर्षक अचूक आले की वाचकाला पुस्तक सापडते. नकाशा मागायला आलेला वाचक मात्र कर्त्याचे नाव घेत नाही आणि शीर्षकही सांगत नाही. तो म्हणतो, "गंगापूर धरणाखालचा पट्टा हवा, ओढे-नाले वेगवेगळे दिसतील एवढा मोठा, आणि शक्यतो धरण होण्याच्या आधीचा." कोणती जागा, किती तपशिलाने आणि कोणत्या काळातली, हे तीन प्रश्न त्याच्या एका वाक्यात असतात. नोंदीतून या तिन्हींची उत्तरे मिळत नसतील, तर नकाशा कपाटात असूनही वाचकासाठी तो नसल्यासारखाच असतो.

हे मला कामातूनच कळले. नाशिकमधल्या ज्या ग्रंथालयात मी उमेदवारी केली, तेथे स्थलनिर्देशक (जमिनीचा चढउतार, नद्या, रस्ते, वस्ती दाखवणाऱ्या) नकाशांच्या चाळीसहून अधिक शीट दाखल नोंदवहीत "टोपोशीट" या एकाच शीर्षकाखाली चढवलेल्या होत्या. गोदावरीच्या पूररेषेवर प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीला पंचवटी आणि नाशिक रोड असे दोन्ही भाग हवे होते. आम्ही दोघांनी मिळून सगळा गठ्ठा उलटला आणि त्यात दुपार गेली. शेवटी तिला एक शीट मिळाली, पण तिच्यात नाशिक रोड होते आणि पंचवटी नव्हती. असे का झाले याचे कारण पुढे शीट क्रमांकाच्या भागात येईल. खाली दिलेली पद्धत त्यानंतर तो गठ्ठा पुन्हा नोंदवताना बसत गेली. क्षेत्र क्रमांक, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांचे क्रमांक, मार्क २१ या संगणकीय ग्रंथालय-नोंदींच्या प्रमाणित साच्याचे आहेत, त्यामुळे कोहा या ग्रंथालय-प्रणालीत किंवा मार्क स्वीकारणाऱ्या कोणत्याही प्रणालीत ते जसेच्या तसे वापरता येतील.

नोंदीला बसण्यापूर्वी

एक मोठे रिकामे टेबल, चांगला उजेड, सेंटिमीटरची लांब पट्टी, भिंग आणि मऊ शिशाची पेन्सिल एवढी तयारी पुरते. नकाशा उघडा असताना टेबलावर शाईचे पेन ठेवू नये. गुंडाळी झालेला जुना नकाशा उलट्या बाजूने वाकवून सरळ करण्याचा मोह आवरावा, कारण कागद घडीवरच तुटतो. त्याच्या वर-खाली स्वच्छ कागद घालून, वर सपाट फळी ठेवून, तो दोन-चार दिवस तसाच राहू द्यावा. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा कापडावर चिकटवलेले नकाशे उघडे ठेवू नयेत, कारण खळ ओलावा धरते आणि बुरशी तेथूनच सुरू होते. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. लॅमिनेट केलेला नकाशा पुन्हा मोकळा करणे जवळजवळ अशक्य असते, आणि मी असे काही सुंदर नकाशे कायमचे पिवळे पडलेले पाहिले आहेत. दाखल क्रमांक पेन्सिलीने, मागच्या बाजूला, उजव्या खालच्या कोपऱ्यात लिहावा. रबरी शिक्का मारायचाच असेल तर तोही मागेच मारावा.

मग ढीग वेगळे करावेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकित शीट एकीकडे, महसूल खात्याचे गाव नकाशे आणि सिटी सर्व्हेच्या शीट दुसरीकडे. भूशास्त्र, मृदा, जलसंपत्ती असे विषयवार नकाशे तिसरीकडे. आणि रस्त्यांचे, यात्रेचे, पर्यटनाचे नकाशे चौथ्या ढिगात. सिंहस्थाच्या वेळी छापलेले मार्गदर्शक नकाशे या चौथ्या ढिगात येतात, आणि ते क्षुल्लक समजून टाकू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बारा वर्षांतून एकदा गोदाघाटाची तात्पुरती मांडणी कागदावर उतरते ती बहुधा तेथेच. गॅझेटियरसारख्या ग्रंथाच्या मागच्या खिशात असलेला नकाशा ग्रंथापासून वेगळा करू नये. तो आधीच वेगळा झालेला असेल, तर दोन्ही नोंदींत एकमेकांचा उल्लेख करावा.

येथे एक निर्णय घ्यावा लागतो. मालिकेतली शीट स्वतंत्र नोंदवायची, की संपूर्ण मालिकेची एक नोंद करून शीटची यादी तिच्याखाली द्यायची? माझे मत असे आहे, की ज्या शीटमध्ये नाशिक जिल्ह्याचा कोणताही भाग येतो, त्या प्रत्येक शीटची स्वतंत्र नोंद करावी. वाचक येतो तो प्रामुख्याने या जमिनीसाठी. दूरच्या प्रदेशांच्या शीटना मालिकेची एक नोंद आणि उपलब्ध क्रमांकांची यादी पुरेशी आहे.

शीर्षक आणि कर्ता

नोंदीच्या लीडरमध्ये (आरंभीच्या सांकेतिक ओळीत) सहाव्या स्थानावर छापील नकाशासाठी ‘ई’ आणि हस्तलिखित नकाशासाठी ‘एफ’ हे रोमन अक्षर द्यावे लागते. ते पुस्तकाच्या ‘ए’वरच राहिले, तर "फक्त नकाशे" असा शोध घेणाऱ्याला तो नकाशा कधीच दिसत नाही. क्षेत्र ००७ ची पहिली दोन अक्षरे नकाशासाठी ‘ए’ आणि ‘जे’ अशी असतात.

नकाशावर शीर्षक एकापेक्षा अधिक ठिकाणी असू शकते: माथ्यावर, कोपऱ्यातल्या चौकटीत, घडी घातल्यावर वर येणाऱ्या पानावर. जागा आणि विषय यांची सर्वांत पूर्ण कल्पना देणारे शीर्षक २४५ मध्ये घ्यावे आणि उरलेली २४६ मध्ये द्यावीत. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीटच्या माथ्यावर राज्याचे आणि जिल्ह्याचे नाव आणि शीट क्रमांक असतो. तोच मजकूर जसा छापला आहे तसा उतरवून घ्यावा. नकाशावर रोमन लिपीत जुन्या पद्धतीने "नासिक" छापलेले असेल तर २४५ मध्ये तसेच ठेवावे आणि २४६ मध्ये देवनागरीत "नाशिक जिल्हा" असे जोडावे. उतारा आपल्याला योग्य वाटणाऱ्या वर्णलेखनाप्रमाणे सुधारू नये. शीर्षकच नसेल तर चौकटी कंसात स्वतः द्यावे, पण त्यात जागेचे नाव असलेच पाहिजे. नुसते "शहराचा नकाशा" हे शीर्षक निरुपयोगी आहे, "[नाशिक शहर, गोदावरीचा उजवा तीर]" हे उपयोगी आहे.

संस्थेच्या नावे मुख्य नोंद क्वचितच होते, असा नियम आपण पुस्तकांच्या बाबतीत शिकतो. नकाशे हा त्याला ठळक अपवाद आहे. संस्थेने नुसता प्रकाशित न करता स्वतः तयार केलेला नकाशा त्या संस्थेच्या नावे, म्हणजे ११० खाली नोंदवतात. त्यामुळे स्थलनिर्देशक शीटसाठी ११० मध्ये "भारतीय सर्वेक्षण विभाग" येतो. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाची नावे वेगवेगळ्या भाषांतील नकाशांवर वेगवेगळी छापलेली दिसतात, म्हणून अधिकृत रूप एकदा ठरवून बाकीच्या रूपांवरून तिकडे "पहा" संदर्भ द्यावेत.

प्रमाण

तालिकाकाराचे खरे कौशल्य येथे लागते. प्रमाण तीन प्रकारे दिलेले असते: शब्दांत, अंकांत आणि रेषेने. नोंदीत ते नेहमी अंकप्रमाणात द्यावे, कारण त्याशिवाय दोन नकाशांची तुलना करता येत नाही. क्षेत्र २५५ मध्ये ते वाचकाला दिसेल असे लिहावे, उदाहरणार्थ "प्रमाण १:५०,०००", आणि क्षेत्र ०३४ मध्ये संगणकासाठी नुसता छेद, म्हणजे दुसरा आकडा, ५००००, द्यावा. एकच प्रमाण असेल तर ०३४ चा पहिला निर्देशक (क्षेत्रापुढचा सांकेतिक अंक) १ असतो आणि उपक्षेत्र (क्षेत्राचा पोटभाग) ‘ए’ मध्येही ‘ए’ हेच अक्षर येते.

शब्दप्रमाण असेल तर ते रूपांतरित करावे. एका मैलात ६३,३६० इंच असतात, हा एक आकडा लक्षात ठेवला की जुन्या ब्रिटिशकालीन नकाशांचे काम सोपे होते. एका इंचाला एक मैल म्हणजे १:६३,३६०. अर्ध्या इंचाला एक मैल म्हणजे १:१,२६,७२०. पाव इंचाला एक मैल म्हणजे १:२,५३,४४०. मेट्रिक मापे आल्यावर यांच्या जागी १:५०,००० आणि १:२,५०,००० अशी गोल प्रमाणे आली. दोन्ही जवळची वाटतात म्हणून जुन्या शीटला नवे प्रमाण देऊ नये. मूळ शब्दही "एक इंचास एक मैल" असे २५५ मध्ये अंकप्रमाणाच्या पुढे ठेवावेत.

नुसतीच रेषा असेल तर ती पट्टीने मोजावी. पाच किलोमीटर दाखवणारी रेषा दहा सेंटिमीटर भरली, तर पाच लाख सेंटिमीटरला दहाने भागून १:५०,००० येते. असे काढलेले प्रमाण "सुमारे" हा शब्द लावून लिहावे. रेषाही नसेल, पण अक्षवृत्ते आखलेली असतील, तरी मार्ग आहे. अक्षांशाचे एक मिनिट जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर असते, म्हणून दोन अक्षवृत्तांमधील उभे अंतर मोजून गणित करावे. हे गणित रेखांशांवरून करू नये, कारण रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येत जातात आणि नाशिकच्या अक्षांशावर रेखांशाचे मिनिट १.७४ किलोमीटरच्या आसपास भरते. छायाप्रत काढताना लहान-मोठा झालेला नकाशा असेल, तर त्यावर छापलेले अंकप्रमाण खोटे ठरते आणि रेषाप्रमाण मात्र खरे राहते. म्हणून छायाप्रत हातात आली की दोन्हींचा मेळ बसतो का, हे पाहिल्याशिवाय प्रमाण लिहू नये. यांपैकी काहीच शक्य नसेल तर "प्रमाण दिलेले नाही" असे लिहावे. यात्रेच्या किंवा जाहिरातीच्या चित्रनकाशासाठी "प्रमाणानुसार काढलेला नाही" हे शब्द वापरावेत. या दोन विधानांचा अर्थ वेगळा आहे, तो सांभाळावा.

शीट क्रमांक आणि अक्षांश-रेखांश

सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीटचा क्रमांक हाच जागेचा पत्ता असतो, आणि तो वाचता आला तर नकाशा न उघडताही चारही बाजूंचे अक्षांश-रेखांश सांगता येतात. दशलक्षी (१:१०,००,०००) मालिकेतील प्रत्येक शीट चार अंश लांब आणि चार अंश रुंद असते. तिचे एक अंशाचे सोळा चौकोन करून त्यांना ‘ए’ ते ‘पी’ अक्षरे देतात, आणि प्रत्येक चौकोनाचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा भाग करून त्यांना १ ते १६ अंक देतात. मोजणी वायव्य कोपऱ्यातून सुरू होते आणि आधी खाली, मग पुढच्या स्तंभात वरून पुन्हा खाली, अशी जाते. आपण आडवे वाचण्याला सरावलेले असल्यामुळे येथेच बहुतेकांची चूक होते.

शीट ४६ मध्ये पूर्व रेखांश ७२° ते ७६° आणि उत्तर अक्षांश २०° ते २४° हा भाग येतो. शीट ४७ मध्ये तेच रेखांश, पण अक्षांश १६° ते २०° येतात. म्हणजे २०° उत्तर अक्षवृत्त ही दोन दशलक्षी शीटमधली सीमा आहे, आणि हे अक्षवृत्त नाशिक शहरातूनच जाते. रामकुंड आणि पंचवटी त्याच्या किंचित उत्तरेला पडतात, म्हणून ती ४६ एच/१६ मध्ये आहेत. नाशिक रोड आणि देवळाली दक्षिणेला, ४७ ई/१३ मध्ये आहेत. त्या विद्यार्थिनीला एका शीटमध्ये दोन्ही भाग का मिळाले नाहीत, त्याचे उत्तर हे. क्रमांकांकडे पाहून ४६ एच आणि ४७ ई शेजारी आहेत असे कोणालाही वाटणार नाही, आणि क्रमवारीने ठेवलेल्या गठ्ठ्यात त्या एकमेकींपासून लांबच पडतात. मी त्या दोन शीट टेबलावर वर-खाली जुळवून ठेवल्या तेव्हा गोदावरी वरच्या शीटच्या अगदी तळाशी दिसत होती आणि शहराचे रस्ते चौकटीवर तुटून खालच्या शीटमध्ये पुढे चालू होत होते. म्हणून या दोन्ही शीटच्या नोंदींत ५०० खाली "लगतची शीट" म्हणून दुसरीचा क्रमांक द्यावाच.

सरावासाठी काही ठिकाणे सांगतो. त्र्यंबकेश्वर ४७ ई/९ मध्ये आहे, इगतपुरी आणि कळसूबाई ४७ ई/१० मध्ये, गंगापूर धरण ४६ एच/१२ मध्ये, सप्तशृंगगड ४६ एच/१५ मध्ये आणि मालेगाव ४६ एल/१० मध्ये. ही ठिकाणे स्वतः मोजून पाहावीत. दोन-तीन वेळा बरोबर आले की हात बसतो.

आता ४७ ई/१३ ची नोंद करू. ०३४ मध्ये उपक्षेत्र ‘डी’ला पश्चिम टोक, ‘ई’ला पूर्व टोक, ‘एफ’ला उत्तर टोक आणि ‘जी’ला दक्षिण टोक येते. प्रत्येक आकड्याआधी दिशेचे रोमन अक्षर, मग अंशाचे तीन, मिनिटांचे दोन आणि सेकंदांचे दोन अंक देतात. पश्चिम टोक ०७३४५००, पूर्व टोक ०७४००००, उत्तर टोक ०२००००० आणि दक्षिण टोक ०१९४५००. वाचकासाठी २५५ च्या ‘सी’ मध्ये हेच "पू. ७३°४५′–पू. ७४°००′ / उ. २०°००′–उ. १९°४५′" असे लिहावे. ०३४ मधले आकडे इंग्रजी अंकांत (0 ते 9) भरावेत, कारण बहुतेक प्रणालींत नकाशावरून शोध घेण्याची सोय त्यांच्यावरच चालते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सामान्य वापरासाठी ओपन सिरीजच्या शीट आल्या. त्यांचे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत) यूटीएम आणि आधार (मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार) डब्ल्यूजीएस-८४ आहे, आणि त्यांचे क्रमांक आंतरराष्ट्रीय पद्धतीचे आहेत. आपल्या भागातल्या शीटचा क्रमांक ‘ई ४३’ किंवा ‘एफ ४३’ने सुरू होतो. प्रक्षेपण २५५ च्या ‘बी’ मध्ये द्यावे. जुन्या शीटवर ते पॉलिकॉनिक असते. नव्या शीटच्या नोंदीत जुना क्रमांकही शोधण्याजोगा ठेवावा, कारण अभियंते, गिर्यारोहक आणि प्राध्यापक आजही जुन्याच क्रमांकाने मागणी करतात. एखाद्या जुन्या शीटवर "प्रतिबंधित" किंवा "केवळ शासकीय वापरासाठी" असा शेरा असेल, तर तो ५०६ मध्ये नोंदवावा आणि ती शीट सरसकट दाखवण्याआधी प्रमुखांची लेखी अनुमती घ्यावी.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आणि त्याआधीच्या शीटबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. तेव्हाचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर आधारलेले होते आणि ते मूल्य पुढे दुरुस्त झाले. त्यामुळे अशा शीटच्या समासात रेखांशांत सुमारे अडीच मिनिटांची वजावट करावी अशी टीप असते. नाशिकच्या अक्षांशावर अडीच मिनिटे म्हणजे चार किलोमीटरहून अधिक अंतर, एवढ्यात गावच बदलते. २५५ मध्ये छापलेलेच आकडे द्यावेत आणि टिपेचा मजकूर ५०० मध्ये उतरवावा.

काळ

एका शीटवर सर्वेक्षणाचे वर्ष, आवृत्तीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष अशी तीन वर्षे असू शकतात. २६४ मध्ये छपाईचे किंवा प्रकाशनाचे वर्ष येते, पण वाचकाला हवे असते ते सर्वेक्षणाचे. नकाशातली जमीन कोणत्या वर्षाची आहे हे तेच सांगते, म्हणून ते ५०० मध्ये स्वतंत्र वाक्यात द्यावे आणि शक्य असेल तर वर्गांकातही घ्यावे. "अंशतः सुधारित" असे शब्द छापलेले असतील तर तेही सोडू नयेत. बहुतेक वेळा फक्त रस्ते सुधारलेले असतात आणि वस्ती जुनीच राहिलेली असते.

वर्षच छापलेले नसेल तर नकाशाकडूनच ते काढून घ्यावे लागते, आणि या कामात मन रमते. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला, त्यामुळे नाशिकच्या तालुक्यांवर अहमदनगर किंवा खानदेश असे लिहिलेले दिसले, तर नकाशाचा आशय त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी. शहर आणि रेल्वे स्टेशन यांना जोडणारी ट्रामची वाट आखलेली असेल तर नकाशा स्वातंत्र्यपूर्व काळातला. राज्याचे नाव "महाराष्ट्र" असेल तर १ मे १९६० नंतरचा. गंगापूर धरणाचा जलाशय आहे की नुसता नदीचा काठ आहे, हे भिंगाने पाहावे. जिल्ह्यात तेरा तालुके दिसतात की त्र्यंबकेश्वर आणि देवळा धरून पंधरा, हे मोजावे. नगरपालिकेऐवजी महानगरपालिकेची हद्द दाखवली असेल तर नकाशा १९८२ नंतरचा. असे दोन-तीन पुरावे मिळाले की "[१९६० ते १९८२ दरम्यान]" अशी कालमर्यादा चौकटी कंसात द्यावी आणि ती कोणत्या आधारावर ठरवली हे टिपेत एका वाक्यात लिहावे. आधार न लिहिलेले अनुमान पुढच्या तालिकाकाराला तपासता येत नाही.

मोजमाप आणि वर्णन

क्षेत्र ३०० मध्ये आधी उंची आणि मग रुंदी देतात. माप कागदाचे घेऊ नये. नकाशाच्या आतल्या चौकटीचे घ्यावे, आणि अपूर्ण सेंटिमीटर पुढच्या पूर्ण सेंटिमीटरला न्यावा. कागदाचे माप त्यानंतर "शीट" म्हणून वेगळे देता येते. घडीचा नकाशा असेल तर घडी घातलेले मापही द्यावे, कारण कोठे ठेवायचा हे त्यावरून ठरते.

हे माप प्रमाणाची पडताळणीही करून देते. नाशिकच्या अक्षांशावर पंधरा मिनिटांची शीट १:५०,००० या प्रमाणात सुमारे ५५.४ सेंटिमीटर उंच आणि ५२.३ सेंटिमीटर रुंद भरते, म्हणून ३०० मध्ये "१ नकाशा : रंगीत, ५६ × ५३ सेंमी" असे येते. तीच जमीन एक इंची शीटवर ४४ × ४२ मध्ये मावते. आपले माप यापासून फार वेगळे आले, तर छायाप्रत हातात आहे किंवा प्रमाण चुकीचे वाचले आहे असे समजावे. उंचसखलपणा समोच्च रेषांनी, रंगछटांनी की जुन्या पद्धतीच्या बारीक तिरप्या रेघांनी दाखवला आहे, हे ५०० मध्ये एका वाक्यात द्यावे. आशय, माध्यम आणि वाहक यांचे प्रकार सांगणारी ३३६, ३३७ आणि ३३८ ही क्षेत्रे प्रत्येक कागदी नकाशासाठी सारखीच असल्यामुळे साच्यातच भरून ठेवावीत.

गाव नकाशे

गाव नकाशांना स्वतंत्र परिच्छेद द्यावा लागतो, कारण सार्वजनिक ग्रंथालयात ते देणगीतून येतात आणि त्यांना कोणीच नीट नोंदवत नाही. एकदा निफाड तालुक्यातल्या एका गावाचा नकाशा हाती आला. कापडावर चिकटवलेला होता, चार घड्यांवर विरला होता, आणि कोपऱ्यात पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याचे नाव होते. प्रमाण होते "एक इंचास वीस साखळ्या". साखळी म्हटले की ६६ फुटांची गंटर साखळी डोळ्यांपुढे येते, आणि त्या हिशेबाने प्रमाण १:१५,८४० होते. पण मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत ३३ फुटांची साखळी चालत असे. आपला गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद आहे तो त्यामुळेच. त्या साखळीने वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट, आणि प्रमाण १:७,९२०, बरोबर दुप्पट मोठे. कोणती साखळी धरायची हे त्या नकाशातील एका शेताच्या नोंदलेल्या क्षेत्रावरून ठरवले: पट्टीने मापे घेऊन दोन्ही प्रमाणांनी गुंठे काढले आणि जे जुळले ते प्रमाण घेतले. ग्रंथालयात सातबाऱ्याची किंवा जुन्या आकारफोडीची (शेतसाऱ्याच्या विभागणीची) माहिती नसेल, तर वाचकांपैकी कोणी शेतकरी सहज मदत करतो.

नकाशावरचे आकडे सर्व्हे नंबर आहेत की शेतजमिनींच्या एकत्रीकरणानंतरचे गट नंबर आहेत, हे टिपेत लिहावेच. दोन्ही एकच समजल्यास वाचक वेगळ्याच शेतावर पोहोचतो. शिवाय "ही प्रत अभ्यासासाठी आहे, प्रमाणित प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावी" असे वाक्य ५०० मध्ये असावे. बांधाच्या वादात असलेला माणूस मोठ्या आशेने येतो, आणि आपल्याकडची प्रत कज्ज्यात चालणार नाही हे त्याला आधीच कळलेले बरे.

विषय आणि वर्गांक

विषयशीर्षकात जागा आधी यावी आणि "नकाशे" हा शब्द शेवटी: ६५१ मध्ये "नाशिक (जिल्हा) — नकाशे". नकाशाचा प्रकार, जसे की स्थलनिर्देशक, भूकर किंवा भूशास्त्रीय, ६५५ मध्ये वेगळा द्यावा. स्थळनामांची अधिकृत यादी मराठीत ठेवून जुनी आणि इतर नावे तिकडे वळवावीत. नाशिकचे मोगलकालीन नाव गुलशनाबाद होते, आणि जुन्या नकाशांवर रोमन लिपीतली अनेक वर्णलेखने आढळतात. या सगळ्यांवरून वाचक एकाच ठिकाणी पोहोचला पाहिजे. ग्रंथालय-वर्गीकरणाच्या ड्यूई पद्धतीत नकाशांचा वर्ग ९१२ आणि महाराष्ट्रासाठी ९१२.५४७९२ होतो. त्यापुढे आपल्या जिल्ह्याच्या शीटसाठी शीट क्रमांक आणि सर्वेक्षणाचे वर्ष जोडले की बोधांक (नकाशा शोधून काढण्याचा पूर्ण क्रमांक) पूर्ण होतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत वापरणाऱ्यांना भारतासाठी जी ७६५० हा आकडा मिळतो, आणि तोच ७६५० क्षेत्र ०५२ मध्येही येतो.

खण आणि निर्देशक नकाशा

नकाशे सपाट, उथळ खणांच्या कपाटात, आम्लरहित कागदाच्या मोठ्या पाकिटांत ठेवावेत आणि एका पाकिटात थोड्याच शीट असाव्यात. उभे गुंडाळून ठेवलेल्या नकाशांच्या कडा सर्वांत आधी जातात. खणाचा क्रमांक नोंदीत स्थान म्हणून भरावा, कारण नकाशा चाळत शोधण्याची वस्तू नाही. प्रत्येक चाळण्याने तो झिजतो. स्कॅन केलेली प्रत असेल तर तिचा दुवा ८५६ मध्ये द्यावा आणि शक्यतो आधी तीच दाखवावी.

कपाटाच्या दारावर जिल्ह्याचा एक निर्देशक नकाशा लावावा. त्यात पंधरा मिनिटांचे चौकोन आखून प्रत्येकात शीट क्रमांक आणि खण क्रमांक लिहावा, आणि जी शीट आपल्याकडे आहे तिचा चौकोन रंगवावा. एकाच चौकोनाच्या वेगवेगळ्या काळातल्या शीट असतील तर त्यांची वर्षे त्यातच बारीक अक्षरांत द्यावीत. आमच्या कपाटावर २०° अक्षवृत्ताची रेघ तांबडी केलेली आहे, आणि तिच्या वर-खाली असलेल्या ४६ एच/१६ आणि ४७ ई/१३ या दोन शीट आता क्रमवारी मोडून एकाच खणात, एकाच पाकिटात ठेवल्या आहेत. दोन्ही नोंदींत त्या खणाचा क्रमांक एकच आहे.